कॉरिडॉरमधले लाल पंख

हे अजितला माहीत नाही, आणि आमच्या लग्नाला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. माझ्या मुलीला, सईला, माहीत नाही. चौथीत बाईंच्या टेबलावरून खडू पळवले तेव्हापासूनचं सगळं मी धाकट्या बहिणीला सांगत आले आहे, पण हे तिलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण गेल्या आठवड्यात सईचा टोरांटोहून फोन आला आणि बोलता बोलता ती एक वाक्य बोलून गेली. त्या वाक्यापर्यंत मी येईन. पण सरळ येणार नाही, एवढं सांभाळून घ्या. मी अशीच आहे. बाजारात भाव करायचा असला तरी आधी दुकानदाराच्या मुलांची चौकशी करते.

तर आधी आमचा कॉरिडॉर. आम्ही सिंगापुरात सेम्बावांगला राहतो, जुन्या ब्लॉकमध्ये, जिथे सगळ्या फ्लॅटांची दारं एका लांब सामायिक कॉरिडॉरमध्ये उघडतात. शेवटच्या वळणावर तीन दारं: पहिलं आमचं, मग व्हर्नाचं, आणि अगदी टोकाला कोह अंकलचं. त्यापुढे भिंत. त्या वळणावर आम्हा तीन घरांखेरीज कुणाचंच काही काम नसायचं.

अजित जहाजावर चीफ इंजिनिअर, त्यामुळे वर्षातले निम्मे महिने तो समुद्रावर. मी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघते. सई तेव्हा सोळाची होती. आणि व्हर्ना होती त्रिनिदादची. तिचा नवरा डेरेक तेलविहिरींच्या कामातला, म्हणून शिपयार्डच्या नोकरीवर इकडे आलेला. त्रिनिदाद म्हणजे वेस्ट इंडिज, एवढं मला कळलं. माझं त्या भागाचं ज्ञान क्रिकेटपुरतं. पहिल्याच आठवड्यात ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तुझ्याकडे थोडा गीरा आहे का? मला कळेना. मग तिने वास घेतल्याची खूण केली, मी एकेक डबा उघडून दाखवत गेले, आणि जिऱ्यापाशी आल्यावर ती एवढ्या मोठ्याने हसली की कोह अंकल बाहेर आले.

कोह अंकल निवृत्त बस ड्रायव्हर. बायको गेलेली, मुलगी सेंगकांगला. त्यांचा एकच छंद — कुंड्या. आणि एकच सवय — तक्रार. दाराबाहेर चपला का? ओले कपडे टपकतात का? तुमच्या फोडणीने मला ठसका का लागतो? आम्ही सगळे त्यांना वैतागलेलो. इथल्या आमच्या मराठी मंडळात मी त्यांची नक्कल करून दाखवायचे आणि लोक हसून लोळायचे. ही नक्कलसुद्धा या कबुलीतच धरा.

कार्निव्हल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? माझ्या डोळ्यांपुढे जत्रेतला पाळणा यायचा. व्हर्नाने मला बसवून समजावलं. तिच्याकडे कार्निव्हल ‘बघत’ नाहीत. तिच्याकडे ‘मास खेळतात’ — म्हणजे वर्षातून एकदा आपण जे नाही ते अंगावर चढवायचं, पक्षी, राजा, समुद्र, भूत, काहीही, आणि रस्त्यावर उतरून सगळ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून नाचायचं. सिंगापुरात तिच्या बेटांवरची माणसं मूठभर. कुणी शिक्षिका, कुणी नर्स, बरेच जहाजांचे नाहीतर तेलाचे. त्रिनिदादवाले आणि जमैकावाले एकमेकांच्या भाताला नावं ठेवत; पुणे-नागपूरची आठवण यावी इतकं ते घरगुती भांडण. पण वर्षातून एकदा समुद्रकाठचं एक मैदान रीतसर परवानगीने भाड्याने घेऊन तिथल्या तिथे त्यांची मिरवणूक निघायची. पुढे लॉरीवर स्टीलचे ड्रम, मागे पिसं आणि मणी आणि माणसं. रस्ता नाही म्हणून ती मैदानालाच गोल गोल फेऱ्या मारायची. परक्या शहरात आपला सण भाड्याच्या जागेत मावेल एवढा घडी घालून साजरा करायचा, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमचा गणपती तसाच असतो.

व्हर्ना त्या मंडळींचे पोशाख करायची. तिचे वडील त्रिनिदादला तार वाकवणारे कारागीर होते. पोशाखांचे सांगाडे, मुकुट, पंख तारेतून घडवणारे. त्यांनी तिच्यासाठी वाकवलेला एक मुकुट तिने विमानात मांडीवर ठेवून आणला होता. नुसती तार, जुनी, काळपट पडलेली. दरवर्षी ती त्यावर नवी पिसं चढवायची आणि स्वतः घालायची. वडील गेल्यावर तिच्याकडे त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. हे तिने मला सांगितलं होतं. मला हे माहीत होतं.

आता सई.

सई उंच आहे. सातवी-आठवीत ती एकदम वाढली, वर्गातल्या सगळ्या मुलींच्या डोक्यावरून दिसायला लागली, आणि मग ती वाकली. खांदे पुढे, मान खाली, पाठीला पोक. मी दिवसातून वीसदा ‘सरळ उभी राहा’ म्हणायचे, ती आणखी वाकायची. घरात बोलणं कमी, जे काही ते इथल्या इंग्रजीत, ‘ओके लाह’, ‘कॅन लाह’, आणि दार बंद. व्हर्नाच्या घरी मात्र ती तासन् तास रमायची. मणी ओवायची, पिसं निवडायची. त्या वर्षी व्हर्ना म्हणाली, हिला मी पक्षी करते. त्यांच्या बेटावर एक लाल पक्षी असतो, लांब पायांचा. एवढी उंची वाया घालवायची म्हणजे पाप आहे, असं ती म्हणाली.

पंख केवढे होते म्हणून सांगू! एका बाजूचा पंख सईच्या दोन हातांएवढा. मधोमध घडी पडायची, पण फ्लॅटमध्ये उघडून काम करायला जागा नव्हती, म्हणून ते व्हर्नाच्या दाराबाहेर वळणावर उभे असायचे. आणि त्यासाठी कोह अंकलनी — हो, त्याच कोह अंकलनी — आपल्या कुंड्या सरकवून जागा करून दिली होती. कुणी न सांगता. एका सकाळी कुंड्या भिंतीला चिकटलेल्या दिसल्या, बस्स.

सांगाडा पाठीला बांधून चालायचा सराव सुरू झाला. तो पेलायचा तर खांदे मागे घ्यावेच लागतात, नाहीतर माणूस तोंडावर आपटतं. महिन्याभरात माझी मुलगी सरळ झाली. वीसदा सांगून जे झालं नव्हतं ते तारेच्या ओझ्याने झालं. एका संध्याकाळी मी लिफ्टमधून बाहेर आले तर कॉरिडॉरच्या टोकाला सई पंख पसरून उभी, कठड्यावरून येणारा सामुद्रधुनीकडचा उजेड अंगावर, अर्धीच पिसं चढलेली. अंकल स्टुलावर बसून बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे खोटं नाही. ते पाणी खरं होतं, आणि नंतर मी जे केलं तेही खरं आहे. दोन्ही एकाच बाईने केलं, याचं मी काय करू?

माझी चूक — नाही, ‘चूक’ नको म्हणायला, तो शब्द फार स्वस्त आहे — माझ्या हातून जे झालं त्याची सुरुवात मिरवण्यातून झाली. व्हर्ना एकदा सहज म्हणाली, यंदा स्टीलच्या ड्रमबरोबर आणखी ढोल असते तर! आणि मी छाती पुढे काढून म्हणाले, ढोल? आमच्या मंडळाचं ढोल-ताशा पथक आहे, आणते की. हौसेला मोल नसतं. मी मंडळात बोलले, पथकातली तरुण मंडळी उड्या मारायला लागली, व्हॉट्सॲपवर जाहीर झालं की यंदा मेधाताईंच्या शेजारणीच्या कार्निव्हलला आपलं पथक वाजवणार, सगळ्यांनी सहकुटुंब या. माझं कौतुक झालं. मला ते आवडलं.

त्याच सुमारास व्हर्नाने सईचा पोशाख पूर्ण करून दाखवला. पंखांखालचा. सोनेरी मण्यांची चोळी, पोट उघडं, खाली गुडघ्याच्या वर संपणारी लाल झालर. सई आरशापुढे उभी होती आणि आरशातून माझ्याकडे बघत होती. मी टाळ्या वाजवल्या. ब्युटिफुल, म्हणाले. आणि त्याच क्षणी मला मैदान दिसलं. ढोल. कडेला उभं राहिलेलं अख्खं मंडळ, खुर्च्या मांडून बसलेल्या नीलाताई, ज्यांच्या तोंडून एकदा बाहेर पडलेलं वाक्य सेम्बावांगपासून पुण्यापर्यंत पोचतं. आणि त्यांच्यापुढून नाचत जाणारी माझी मुलगी.

साडीत माझंही पोट दिसतंच की. पण ते आपलं पोट! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं — म्हणी उगाच टिकत नाहीत.

आणि अजून एक आहे. इथे माझा हात अडतोय. व्हर्ना काळी होती. तिच्या घरी मी जेवले, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून अजितचं जहाज सुखरूप असल्याची बातमी येईपर्यंत एक अख्खी दुपार काढली. तिच्या रंगाचं मला काही नव्हतं, असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण त्या क्षणी माझ्या मनात जे वाक्य उमटलं ते ‘सईने असे कपडे घालू नयेत’ हे नव्हतं. ते होतं, ‘सईने यांच्यासारखं नाचू नये’. यांच्यासारखं. तो शब्द माझ्यात कुठे लपून बसला होता? कुणी ठेवला होता? मला वाटतं, तो काही लपलेला नव्हता. त्याची कधी गरज पडली नव्हती, इतकंच.

तुम्ही म्हणाल, मग नाही म्हणायचं. सईला सांगायचं, की मला हे पटत नाही. व्हर्नाला सांगायचं, की चोळीखाली काहीतरी चढव. ती हसली असती आणि चढवलंही असतं, आज मला खात्री आहे. पण मी कोण होते? मी मोकळ्या विचारांची आई होते. मुलीला हवं ते करू देणारी, मंडळातल्या बाकीच्या आयांना त्याबद्दल चार शब्द सुनावणारी. तोंडावर नाही म्हटलं असतं तर ती आई गेली असती. पथकाला येऊ नका म्हटलं असतं तर कौतुक गेलं असतं. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असं काहीतरी हवं होतं. माझ्याच पायावर मीच पाडून घेतलेला धोंडा होता, आणि मी तो दुसऱ्याच्या पायावर सरकवायच्या विचारात होते.

तक्रार मी केली.

इमारतींची देखभाल बघणाऱ्या टाउन कौन्सिलच्या ॲपवर, ऑफिसात चहाच्या वेळी. कॉरिडॉरमध्ये मोठी वस्तू उभी आहे, वाट अडते, आग लागली तर धोका. फोटोही जोडला. तक्रार करणाऱ्याचं नाव कुणाला कळत नाही. सिंगापुरात अशी तक्रार करणं पाप नाही, उलट नागरिकाचं कर्तव्य मानतात, आणि नियमाने पाहिलं तर एक अक्षर खोटं नव्हतं.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते रागाच्या भरात झालं. राग कसला? तो आठवडा मी निवडलेला होता. सई शाळेच्या कॅम्पला जाणार होती आणि डेरेकच्या कामासाठी दोघं नवराबायको काही दिवस समुद्रापलीकडच्या बाताम बेटावर निघाले होते. मी हिशेबाची माणूस आहे. माझ्या हातून रागाच्या भरात काही होत नाही.

एवढंच असतं ना, तर कदाचित मी ते व्हर्नाला कधीतरी सांगितलं असतं. पाया पडले असते, चार दिवस ती बोलली नसती. पण एवढंच नाही.

बातामची फेरीबोट हार्बरफ्रंटहून सुटते. माझं ऑफिस तिथेच, म्हणून सकाळी आम्ही एकत्र गेलो. टर्मिनलच्या दारात व्हर्नाने तिच्या घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली. माझ्या पक्ष्याकडे लक्ष ठेव, म्हणाली. डेरेक पुढे गेला, ती वळून वळून हात हलवत राहिली. तक्रार तोवर करून झालेली होती.

दुसऱ्याच दिवशी पंखांवर कौन्सिलची नोटीस लटकली. वस्तू हलवा, अन्यथा उचलून नेण्यात येईल. मी ती येता-जाता वाचली. तिच्याकडे बघत कुलूप लावलं, तिच्याकडे बघत कुलूप काढलं. पंखांच्या वरच्या टोकाला व्हर्नाने मापासाठी वडिलांचा मुकुट बांधून ठेवला होता. तोही दिसत होता.

मग संध्याकाळी कोह अंकलनी माझं दार वाजवलं. ते कधी कुणाचं दार वाजवत नसत, आपल्याच दारातून ओरडत. त्यांनी नोटिशीकडे बोट केलं.

“यू हॅव की, राइट? टेक इनसाइड लाह,” ते म्हणाले. “आय हेल्प यू कॅरी.”

पंखांची घडी होत होती. किल्ली माझ्याकडे होती. दोन माणसं पुरेशी होती, आणि दुसरं माणूस दारात उभं होतं.

मी म्हणाले, व्हर्ना कौन्सिलशी बोलली आहे, काळजी करू नका.

“शुअर आह?”

शुअर, म्हणाले मी.

ते वळले. मग पंखांपाशी गेले, एक लोंबणारं पीस त्यांनी सांगाड्यात नीट खोचलं आणि आपल्या कुंड्या एकेक करून घरात नेल्या. कुंड्या उचलायला वाकताना ते कंबर धरत होते, ते मी पाहिलं आणि दार लावून घेतलं.

कौन्सिलची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मी ऑफिसला निघाले होते, पर्स खांद्यावर होती. ट्रॉलीची चाकं वाजली तशी मी दाराच्या आत थांबले. पंख लिफ्टमध्ये मावेनात. त्यांना घडीचं माहीत नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते वाकवले. तार मोडते तेव्हा आवाज फार मोठा होत नाही. काठीसारखा कडकन होत नाही. ती कुरकुरत, हळूहळू वाकते आणि मग एकदम गप्प होते. मी तो सगळा ऐकला. तेव्हाही दार उघडता आलं असतं. निदान ‘तो मुकुट तेवढा ठेवा’ म्हणता आलं असतं. मी माझ्याच उंबऱ्याच्या आत, चपला घालून, हातात किल्ली धरून उभी राहिले.

व्हर्ना परतली तेव्हा रडली नाही. मला वाटलं होतं ती आकांत करेल. ती वळणावर उकिडवी बसली आणि फरशीवर उरलेली पिसं वेचायला लागली, मीही शेजारी बसून वेचायला लागले. सई कॅम्पहून आली ती आम्हा दोघींना बघून तडक आत गेली.

शेवटी व्हर्ना म्हणाली, कुणी केलं असेल हे? त्या वळणावर तीनच दारं. तिने टोकाच्या दाराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हणाले, “त्यांना तर बाहेर चपला ठेवलेल्याही चालत नाहीत.”

यात खोटं काय आहे, सांगा? अगदी खरं वाक्य. नीट पारखून, खरं म्हणून निवडलेलं. ‘अंकलनी केलं’ असं मी कधीच, कुणालाच म्हटलेलं नाही.

व्हर्ना त्यांच्या दाराशी गेली. ती त्यांना काय काय बोलली ते मी लिहीत नाही. ते सगळं खरं तर मला ऐकवायला हवं होतं. हसून कुंड्या सरकवतोस आणि पाठीत वार करतोस — असं बरंच. अंकल जाळीच्या आत उभे होते. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. मी तिच्या मागे उभी होते, आधार द्यायला म्हणून. ‘किल्ली हिच्याकडे होती, मी हिला विचारलं होतं’ — एवढं एकच वाक्य त्यांनी बोलायचं होतं. मी वाट बघत होते. 

“नॉट मी,” ते म्हणाले. एकदाच. आणि त्यांनी दार लावलं.

का बोलले नाहीत? जन्मभर शेजाऱ्यांच्या चपलांबद्दल बोललेला माणूस त्या दिवशी गप्प का राहिला? मला ठाऊक नाही. बोलून उपयोग नाही असं वाटलं असेल. किंवा आत सई होती, तिला ऐकू गेलं असतं, म्हणून असेल. मी विचारलं नाही, आणि आता विचारता येत नाही.

कार्निव्हल झाला. आमचं पथक असं वाजलं की बेटांवरची माणसं वेडी झाली, स्टीलच्या ड्रमवाल्यांनी ढोलाचा ठेका उचलला. नीलाताईंनी मला जवळ घेऊन, काय सुंदर घडवून आणलंस गं, म्हटलं. सई लाल टी-शर्टमध्ये होती. अगदी मागे, पाण्याच्या बाटल्यांच्या गाडीपाशी. खांदे पुढे, मान खाली. व्हर्नाने त्या वर्षी मुकुट घातला नव्हता, डोक्याला नुसता रुमाल बांधला होता. ती नाचत आली, मला ओढून रांगेत घेतलं आणि मी नाचले. मी नाचले, हे ऐकलंत ना?

सईची पाठ पुढे कितीतरी वर्षं तशीच राहिली. व्हर्नाने पुन्हा पंख केले नाहीत. ती म्हणाली, त्या माणसापुढून पुन्हा काही घेऊन जायची मला इच्छा नाही.

चिनी नववर्षाला अंकल दरवर्षी तिन्ही घरांत संत्री वाटत. त्या वर्षीही ते दोन्ही हातांत दोन संत्री धरून व्हर्नाच्या दारात उभे राहिले, तिने दार उघडलं नाही. मग ते माझ्याकडे आले. मी घेतली. त्यांनी मला एकच विचारलं, “युवर गर्ल ओके आह?” मी हो म्हणाले. सोलून खाल्लीही, गोड होती.

डेरेकची नोकरी संपल्यावर ती दोघं त्रिनिदादला परतली. निरोपाच्या दिवशी व्हर्नाने मला मिठी मारली ती सोडेचना. या मजल्यावर माझ्या बाजूने तू एकटी उभी राहिलीस, असं ती माझ्या कानात म्हणाली. मी तिची पाठ थोपटत राहिले.

कोह अंकल दोन वर्षांपूर्वी गेले. ब्लॉकच्या खाली, मोकळ्या तळमजल्यावर, तीन दिवस त्यांच्या अंत्यदर्शनाचा मांडव होता. मी गेले, अगरबत्ती लावली, गोल टेबलाशी बसून शेंगदाणे सोलले. त्यांची मुलगी शेजारी येऊन बसली. म्हणाली, बाबांना ती पंखांची गोष्ट फार लागली होती, शेवटच्या आजारातही म्हणायचे की मी केलं नाही. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, तुम्ही तरी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता ना?

मी तिचा हात हातात घेतला. म्हणाले, पहिल्यापासून.

हेही खरंच वाक्य होतं.

आता ते गेल्या आठवड्याचं. सई टोरांटोला नोकरी करते. तिथे बेटांवरच्या लोकांचा कार्निव्हल मैदानात मावत नाही, रस्तेच्या रस्ते भरतात म्हणे. यंदा ती मास खेळणार आहे. व्हर्ना फोनवरून तिला एकेक वळण शिकवतेय, तार कुठे वाकवायची, कुठे सोडायची. सईने फोन भिंतीला टेकवला, मागे सरकली आणि मला दाखवलं. लाल पंख. तिच्या फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये ती उभी होती, खांदे मागे, मान वर. एवढी उंच मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

मी म्हणाले, अगं, बाहेर ठेवतेस? कुणी उचलून नेलं तर?

“चिल लाह, आई,” ती हसत म्हणाली. “इथे कुणी कोह अंकल नाहीत.”

मी हसले. तिच्याबरोबर, अगदी तिच्याइतकंच मोठ्याने.